दोन लहान मुलं आणि घरात एकटं मोठं माणूस

कलहारी वाळवंटाच्या कडेने राहणाऱ्या कुंग सान लोकांचा अभ्यास रिचर्ड ली आणि नॅन्सी हॉवेल यांनी १९६०च्या दशकात त्यांच्यात राहून केला. कंदमुळं गोळा करून आणि शिकार करून जगणारी ही माणसं. तिथल्या बाईच्या दोन बाळंतपणांत साधारण चार वर्षांचं अंतर असायचं. मूल तासातून कित्येकदा अंगावर प्यायचं, त्यामुळे पाळी लवकर परत येत नसे. पाठीवरचं पोर स्वतःच्या पायांनी चालू लागे, तेव्हा कुठे दुसऱ्याची वेळ येई. रानावनात मैलोन्मैल फिरणाऱ्या बाईला याचा फायदा उघड होता, कारण तिला एका वेळी एकच मूल उचलून नेता येतं.

शेती आली तसं हे गणित बदललं. धान्य शिजवून त्याची पेज बाळाला लवकर देता येऊ लागली, अंगावरचं दूध लवकर सुटलं, आणि पहिलं धड बोलायला लागलं नाही तोवर दुसरं पाळण्यात, हे नेहमीचं झालं. पण घरात माणसंही पुष्कळ असत. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ सारा ब्लाफर हर्डी यांनी २००९ साली ‘मदर्स अँड अदर्स’ या पुस्तकात ठामपणे मांडलं की माणसाचं मूल एकट्या आईने वाढवावं अशी सोय निसर्गाने केलेलीच नाही. आजी, मावशी, थोरली बहीण, बाप, शेजारीण अशा अनेकांच्या हातांवर मूल वाढलं, म्हणून माणूस तगला. मध्य आफ्रिकेत इतुरीच्या जंगलात राहणाऱ्या एफे लोकांत तर बाळ जन्मल्या दिवसापासून या हातातून त्या हातात फिरतं, आणि इतर बायाही त्याला पाजतात.

आपल्याकडे वाडा होता, चाळ होती. गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत रांगतं पोर सोडलं तरी चार खोल्यांतून त्याच्यावर लक्ष असे. त्या काळात सगळं गोड होतं असं मुळीच नाही. सासुरवास होता, बाईच्या मताला किंमत नव्हती, बाळंतिणीला पुरेसा विसावा मिळेच असंही नाही. पण पोरं सांभाळताना मोठं माणूस सहसा एकटं नसे. आज ठाण्यात, पिंपरी-चिंचवडला किंवा नाशिकला सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सकाळी जोडीदार कामाला गेला, दार लागलं, की आत तीन जीव उरतात आणि त्यांतलं मोठं एकच. ही व्यवस्था माणसाला नवी आहे. त्या एकट्या माणसाला संध्याकाळपर्यंत जो शीण येतो, तो या व्यवस्थेतून येतो. ‘आपल्यालाच जमत नाही’ असं मनात घेऊन कुढत बसलेल्या प्रत्येक आईला आणि बापाला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, म्हणून हा लेख.

समजा थोरली तीन वर्षांची आहे आणि धाकटा आठ महिन्यांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात आठ महिन्यांच्या मुलाचं मधलं वजन ८.६ किलो आहे आणि तीन वर्षांच्या मुलीचं १३.९ किलो. दिवसभरात धाकट्याला कितीदा उचललं, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. शरीर मात्र ठेवतं. बाळाच्या काखेत हात घालून, अंगठे ताठ पसरून त्याला वर उचललं की अंगठ्याच्या मुळाशी मनगटावरून जाणारे स्नायुबंध घासले जातात, तिथलं आवरण सुजतं आणि साधं झाकण उघडतानाही कळ येते. फ्रिट्झ द कर्व्हँ या स्विस शल्यविशारदाने १८९५ साली या दुखण्याचं वर्णन केलं आणि त्याला आजही त्याचंच नाव आहे. तान्ही मुलं सांभाळणाऱ्यांत ते इतकं आढळतं की डॉक्टर लगेच ओळखतात. उपाय उचलण्याच्या पद्धतीत आहे: एक हात बुडाखाली, दुसरा पाठीखाली, तळवे वर आणि अंगठा बोटांना लागून. तरीही दुखत राहिलं तर बाम चोळत महिने काढू नयेत, दाखवावं.

सकाळी अकराचा सुमार घ्या. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात, तिसरीची वाट आहे. कढईत फोडणी पडलीय. धाकटा रांगत ओट्याखाली आलाय आणि ट्रॉलीतले डबे ओढतोय. तेवढ्यात न्हाणीघरातून थोरलीची हाक येते, ‘आई, शी झाली!’ गॅस बारीक करायचा. धाकट्याला कडेवर घ्यायचं, कारण त्याला गॅसपाशी सोडून जाता येत नाही. एका हाताने थोरलीला धुवायचं. तिला चड्डी स्वतःच घालायची असते, ती उलटी जाते, मदत केली तर ती पुन्हा काढून पहिल्यापासून सुरुवात करते. तिसरी शिट्टी होते, चौथी होते. धाकट्याचा हात बादलीतल्या पाण्यापर्यंत पोचतो आणि तो खूश होऊन पाणी उडवायला लागतो. दाराची बेल वाजते. स्वयंपाकघरातून भाजी खाली लागल्याचा वास येतो. हे सगळं पाच मिनिटांतलं.

यातलं एकही काम अवघड नाही. शीण येतो तो एक टाकून दुसरं धरण्याचा. मानसशास्त्राच्या प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे की लक्ष लागणारी दोन कामं मेंदू खऱ्या अर्थाने एकत्र करत नाही. तो एकावरून दुसऱ्यावर जातो, आणि अशा प्रत्येक बदलात थोडा वेळ जातो, चुका वाढतात. ऑफिसात कुणी दर दोन मिनिटांनी टोकलं तर माणूस वैतागतो आणि तसं बोलूनही दाखवतो. इथे टोकणाऱ्यांना घड्याळ कळत नाही, त्यांची गरज खरी असते आणि ती आत्ताचीच असते. मग रात्री ‘आज दिवसभर काय केलंस?’ असं विचारल्यावर काही सांगता येत नाही. दिवसभर केलं तर पुष्कळ, पण प्रत्येक काम मध्ये तुटलेलं, म्हणून कशावरही बोट ठेवता येत नाही.

दोघांच्या गरजा एका वयाच्या नाहीत, ही खरी अडचण आहे. धाकटा आठ-नऊ महिन्यांचा झाला की आई दिसेनाशी होताच रडू लागतो, अगदी ती दोन मिनिटं संडासला गेली तरी. कालपर्यंत कुणाकडेही जाणारं बाळ एकाएकी चिकटतं, आणि घरातली माणसं म्हणतात, ‘लाडावून ठेवलंय.’ तसं नसतं. जिनीव्हाचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांची बारीक निरीक्षणं टिपून ठेवली होती. फडक्याखाली झाकलेलं खेळणं बाळ याच वयाच्या आसपास शोधू लागतं, हे त्यांनी दाखवलं. डोळ्यांआड गेलेली वस्तू असतेच, हे आता त्याला उमगलेलं असतं. म्हणजे आई कुठेतरी आहे एवढं कळतं, पण ती कधी परत येणार हे कळत नाही. बुद्धी एक पाऊल पुढे गेल्याचं ते रडणं आहे. पदराआड तोंड लपवून पुन्हा दाखवण्याचा खेळ त्याला याच दिवसांत वेडावून टाकतो, कारण जाणारं माणूस परत येतं याची ती उजळणी असते. संडासात गेल्यावर आतून बोलत राहावं, एखादं गाणं म्हणावं. आवाजाचा धागा त्याला पुरतो, नेहमी नाही तरी बरेचदा.

थोरलीचं दुखणं वेगळं. धाकट्याला पाजायला बसलं की तिला हमखास तहान लागते, भिंतीवर रेघोट्या ओढायच्या असतात, नाहीतर मांडीवर बसायचंच असतं. ज्यूडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी केंब्रिजच्या परिसरातल्या चाळीस कुटुंबांत दुसरं मूल येण्याआधीपासून जाऊन निरीक्षणं केली आणि १९८२ साली ती पुस्तकरूपात आणली. आई धाकट्यात गुंतलेली असताना थोरल्याचा खोडसाळपणा वाढतो, हे त्यांच्या नोंदींत दिसतं. त्याहून मोलाची गोष्ट पुढची आहे. ज्या आया थोरल्या मुलाशी बाळाविषयी एक माणूस म्हणून बोलत, त्याला काय हवं असेल, तो का रडत असेल असं विचारत, त्यांच्या मुलांचं पुढे एकमेकांशी जास्त जमलं.

हे करायला वेगळा वेळ लागत नाही. ‘गप्प बस, बाळ झोपलंय’ याऐवजी ‘बघ गं, का रडतोय तो? भूक लागली असेल की तू दिसत नाहीस म्हणून?’ एवढंच. तीन वर्षांच्या मुलीला मत विचारलं की ती गंभीर होऊन उत्तर देते आणि बहुधा ते बरोबर असतं. ‘तू आता मोठी झालीस’ हे वाक्य मात्र शक्य तितकं टाळावं. ती मोठी झालेली नसते. घरात आणखी लहान माणूस आलं, एवढंच झालेलं असतं. पाजण्याच्या वेळेपुरता बाहेर निघणारा एखादा डबा ठेवावा, त्यात चिकटवायच्या टिकल्या, जुनी पर्स, झाकणं, चित्रांचं पुस्तक. तो एरवी मिळत नाही, म्हणून त्याचं अप्रूप टिकतं.

जेवणाचं फार ताणू नये. धाकट्याला मऊ भात-वरण, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं. थोरलीला तेच ताट, थोडं मीठ-तूप-लिंबू वाढवून. दोन वेगळे स्वयंपाक एकट्या माणसाने करूच नयेत. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये आणि मीठ-साखर लागत नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता दुपार. एकट्याने काढायच्या दिवसाचा सगळा तोल दुपारच्या झोपेवर असतो, म्हणून इथे थोडं थांबू या. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्याबरोबर झोपेची ओढ वाढते. लहान मुलांत ही ओढ मोठ्यांपेक्षा फार भरभर वाढते, त्यामुळे त्यांना सलग जागं राहणं झेपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला चोवीस तासांत १२ ते १६ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी, दिवसाची धरून. धाकट्याच्या वाट्याला यात दिवसाच्या दोन झोपा येतात, एक सकाळची आणि एक दुपारची. थोरलीला एकच पुरते, आणि तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान तीही सुटते. म्हणजे तो झोपतो तेव्हा ती टक्क जागी, आणि ती पेंगते तेव्हा हा ताजातवाना. एकट्या माणसाचं सगळं कसब या दोन झोपा कुठेतरी एकमेकींवर आणण्यात आहे.

धाकट्याची सकाळची झोप लवकर आणि छोटी होऊ द्यायची, साडेदहाच्या पुढे जाऊ द्यायची नाही. मग दुपारी एकच्या सुमाराला त्याची ओढ पुन्हा भरते. त्याच वेळी थोरलीला जेवायला घालून, पडदे ओढून, पंख्याखाली शेजारी आडवं करायचं. झोप आली तर उत्तम. नाही आली तर ‘झोप’ असा हुकूम न सोडता ‘आता पडून राहायची वेळ, पुस्तक बघ, बोलू नकोस’ असा रोजचा नेम ठेवायचा. झोप हुकमाने येत नाही, नेम मात्र लागतो. आमच्या घरी हा नेम लागायला बरेच दिवस गेले, आणि लागला तेव्हा घरातल्या दुपारीच बदलल्या. एक सांभाळायचं: थोरली साडेचार-पाचला झोपली तर रात्रीपर्यंत तिची ओढ पुरेशी साठत नाही आणि ती अकरा वाजेपर्यंत जागते. म्हणून संध्याकाळी पेंगली तरी तिला अंघोळीला किंवा खाली खेळायला न्यावं.

आणि दोघं एकदम झोपली की मोठ्या माणसाने काय करावं? आडवं व्हावं. पाठ टेकावी, डोळे मिटावेत, निदान पाय वर घ्यावेत. भांडी तशीच राहू द्यावीत. दुपारच्या त्या तासात घासलेल्या भांड्यांची किंमत संध्याकाळी चढलेल्या आवाजात मोजावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

थोरलीच्या वयाची मुलं दिवसातून एखादं तांडव करतातच. पोळीचे तुकडे केले म्हणून, केळं मधून मोडलं म्हणून. मायकेल पोटेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शेकडो तांडवांचा अभ्यास केला. त्यात बहुतेक तांडवं पाच मिनिटांच्या आत संपलेली दिसली, आणि राग सुरुवातीलाच शिगेला जाऊन उतरत होता, खाली दुःख तेवढं उरत होतं. स्वतःला आवरण्याचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग माणसाच्या विशीतही पक्व होत असतो. तीन वर्षांच्या मुलीकडून ते आवरणं मागण्यात अर्थ नाही. आरडाओरडा चालू असताना समजावणं म्हणूनच फुकट जातं. तिला लागणार नाही एवढं पाहावं, शेजारी बसावं, बोलू नये. किंचाळणं संपून हुंदके सुरू झाले की मांडी पुढे करावी. दुसरं मूल कडेवर असलं तरी एवढं जमतं.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र सैल राहून चालत नाही, कारण एकट्या माणसाची पाठ कधीतरी वळणारच. आपल्या फ्लॅटमधला सगळ्यांत दुर्लक्षित धोका दाराच्या लॅचचा आहे. कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला आई दोन पावलं जाते, वाऱ्याने दार ओढलं जातं, आत दोन मुलं आणि गॅसवर दूध. एक किल्ली शेजारी कायमची देऊन ठेवावी आणि आतल्या कड्या मुलांच्या हाताच्या वर असाव्यात, म्हणजे थोरली स्वतःला कोंडून घेणार नाही. न्हाणीघरात भरलेली बादली ठेवू नये. रांगतं बाळ डोक्याकडून जड असतं. बादलीत वाकून पडलं तर त्याला स्वतःला वर काढता येत नाही, आणि बुडायला वीतभर पाणीही पुरतं. अंघोळ घालताना फोन वाजला, बेल वाजली, तर बाळाला टॉवेलात गुंडाळून बरोबर न्यावं किंवा वाजू द्यावी.

थोरलीची खेळणी धाकट्याच्या तोंडात जातात हा दोन मुलांच्या घरातला खास धोका. नाणं, मणी, शेंगदाणा, फुटाणा आणि सगळ्यांत वाईट म्हणजे रिमोटमधली चपटी बटण-बॅटरी. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजते. गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक रुग्णालय गाठावं. घशात काही अडकून बाळाचा श्वास कोंडला तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर पाच थापा आणि मग उताणं करून छातीवर पाच दाब, असं आलटून पालटून करतात. हे वाचून येत नाही. बालरोगतज्ज्ञाकडे लसीला जाल तेव्हा एकदा करून दाखवायला सांगा. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट नाही, तूप नाही, शाई नाही. १०८ आणि ११२ हे क्रमांक फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवावेत, घाबरल्यावर पाठ असलेलंही आठवत नाही.

मग येते तिन्हीसांज. दोघंही एकदम किरकिर सुरू करतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ऐंशी तान्ह्या बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक, दिवसाला जवळजवळ पावणेतीन तास, आणि त्यातलं बरंचसं संध्याकाळी, असं त्यांना आढळलं. आजारी बाळांची ही गोष्ट नाही, चांगल्या धडधाकट बाळांची आहे. मोठी होत गेलेली मुलं संध्याकाळी वेगळ्या कारणांनी पिरपिरतात: झोपेची ओढ भरलेली, पोट रिकामं, आणि सांभाळणाऱ्याचा धीर संपत आलेला. आपल्याकडे या वेळी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढतात. दृष्ट मी मानत नाही. पण त्या निमित्ताने आजी खोलीत यायची, बाळ तिच्या हातात जायचं आणि आईचे हात दहा मिनिटं मोकळे व्हायचे, त्याचा गुण येत असणार. आजी नसेल तर दोघांना घेऊन खाली उतरावं. सोसायटीच्या आवारात आणखी चार पोरं, दोन आजोबा, एखादं मांजर असलं की एकट्या माणसावरची सगळी नजर वाटली जाते.

पडद्याविषयीही बोलायला हवं. दोन वर्षांच्या आत टीव्ही-मोबाइल नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाच्या वर नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. हे योग्य आहे. पण धाकट्याला अंघोळ घालताना थोरलीला वीस मिनिटं कार्टून लावलं म्हणून कुणा आईने अपराधी वाटून घेऊ नये. त्या वीस मिनिटांत धाकटा सुखरूप असतो. जेवताना मोबाइल मात्र नकोच. पोट भरल्याचं भान त्यात हरवतं.

अपराधीपणाविषयी आणखी एक. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आया आणि बाळं एकमेकांशी खेळतानाचं चित्रण क्षणाक्षणाने तपासलं. चांगलं चाललेल्या जोड्यांतही दोघांचे सूर जुळलेले असतात ते सुमारे तीस टक्के वेळ. उरलेल्या वेळात कुणीतरी दुसरीकडे बघत असतं, चुकीचा अर्थ लावत असतं, आणि मग पुन्हा जुळवून घेत असतं. हे पुन्हा जुळवणंच बाळाला घडवतं. तेव्हा तुम्ही थोरलीवर ओरडलात आणि नंतर तिला जवळ घेऊन ‘मी फार जोरात बोललो, चुकलं’ म्हणालात, तर त्या दिवसाचं वाटोळं झालेलं नाही.

तरीही एक हद्द असते. गोव्यात म्हापसा इथल्या जिल्हा रुग्णालयात आलेल्या गरोदर बायांचा अभ्यास विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी १९७८ साली मांडलं होतं की संकट आल्यावर नैराश्यात ढकलली जाणारी बाई बहुधा अशी असते जिला मनातलं सांगायला जवळचं माणूस नाही, जी घरात लहान मुलांत अडकली आहे, जिला बाहेरचं काम नाही. झोपायला वेळ मिळूनही झोप न येणं, मुलांविषयी काहीच न वाटणं, आपण नसलो तर बरं होईल असं मनात येणं, हा थकवा नव्हे, आजार आहे, आणि तो बरा होतो. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत असते आणि मराठीतही बोलता येतं. आणि रडणाऱ्या बाळावर हात उचलावासा, त्याला गदगदा हलवावंसं वाटलं, तर त्याला पाळण्यात सुरक्षित ठेवून दुसऱ्या खोलीत जा, दार ओढून घ्या, पाच मिनिटं थांबा. रडण्याने बाळाला इजा होत नाही. हलवण्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

मघापासून मी आई म्हणतोय, पण हा दिवस बापालाही काढता येतो. फिलिपीन्समधल्या सेबू इथे ६२४ तरुणांची तपासणी करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन उतरलेलं दिसलं, आणि दिवसाला तीन तास किंवा जास्त मुलांना सांभाळणाऱ्यांचं आणखी कमी. इस्राएलच्या रूथ फेल्डमन यांच्या गटाने २०१४ साली बापांच्या मेंदूची चित्रं घेतली. प्रत्यक्ष सांभाळात जितका जास्त वेळ, तितकी मेंदूतली संबंधित जोडणी पक्की. म्हणजे वात्सल्य हाताने काम करत गेल्याने तयार होतं. ‘मला नाही जमत, तुझ्याकडेच राहतो तो’ हे खरं असतं, पण न केल्यामुळे खरं असतं.

आकडे काय सांगतात? केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. घरातल्यांची देखभाल करणाऱ्यांत बायांची १३७ मिनिटं, पुरुषांची ७५. नोकरदार आईला कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं झालं. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस रजा आहे. खासगी नोकरीतल्या बापासाठी देशव्यापी कायदा नाही. ज्या बायांना मस्टरच नाही, त्यांच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही.

हे प्रश्न आपल्याकडे कुणाला सुचलेच नव्हते असं नाही. डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बालशिक्षणाचं काम करत होत्या, तेव्हा वारली मुलं शाळेत येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटी भावंडं असत. भावंड टाकून ये, असं त्या म्हणाल्या नाहीत. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच आवारात आणली आणि त्या सगळ्याला विकासवाडी म्हटलं. धाकटं पाळण्यात, थोरलं वर्गात, आई कामावर. १९७५ साली देशात अंगणवाड्या सुरू झाल्या, पण विकासवाडीतली सर्व वयांची एकत्र सोय त्यांत आली नाही. शहरातल्या प्रत्येक वस्तीत, प्रत्येक मोठ्या गृहसंकुलात असं एक पाळणाघर असायला हवं, आणि मंदिर-क्लबहाउसच्या आधी असायला हवं.

ते होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या मजल्यावर, तुमच्या नात्यात दोन लहान मुलं आणि एकटं मोठं माणूस असलेलं एखादं घर नक्की असेल. आठवड्यातून एकदा संध्याकाळी पाच ते सात तिथे जा. सल्ला देऊ नका, ‘आमच्या वेळी’ सुरू करू नका, चहाची वाट पाहू नका. थोरलीला खाली खेळायला न्या किंवा धाकट्याला कडेवर घेऊन गॅलरीत उभे राहा. तेवढ्यात त्या माणसाला शांतपणे अंघोळ करता येईल. फक्त बेल वाजवू नका, बाळ नुकतंच झोपलेलं असेल. आधी मेसेज करून जा.